गच्चीवरचा पांढरा कागद

हवा मोजायच्या नोकरीत किस्से धुळीसारखेच साठतात, झटकले तरी थोडे उरतातच. रत्नागिरीतल्या एका गच्चीवर आमचं मशीन आहे. त्याचा पंप दिवसरात्र हवा ओढतो आणि छातीत थेट उतरणारी बारीक धूळ एका गोल कागदावर पकडतो. रोज सकाळी मी आणि माझा जोडीदार तांबे तो कागद बदलतो. हसत सांगतोय खरा, पण त्या कागदांची मला आता भीती वाटते.

*

नोकरीतल्या पहिल्याच जुलैत कागद कोराच्या कोरा निघाला! मशीन बिघडलं म्हणून मी साहेबांना फोन लावला.

"पंप फिरतोय ना? मग पावसाने धूळ धुतली, अहो! चार महिने मजा करा!"

तेव्हापासून ऑफिसात माझं नाव 'ब्रेकडाऊन'.

*

डिसेंबरात पुण्याचे पाहुणे गच्चीवर आले. धुकं बघून खूश. "वा, हिल स्टेशनच!"

तांबेने कालचा कागद त्यांच्यापुढे धरला. तव्याच्या बुडासारखा काळा. "ह्याचा पण फोटो काढा!"

थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जातच नाही. समुद्राचा वारा सुटेपर्यंत सगळं आपल्या नाकाशी. पाहुण्यांनी गपचूप रुमाल बांधले.

*

मार्चमध्ये शेजारच्या वाडीत भाजावळ. भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात. तांबे सांगायला गेला, "काका, सकाळी धूर बसून ऱ्हातो. दुपारी वारा सुटल्यावर जाळा."

"वाऱ्यात जाळू? माझी आंब्याची कलमं पेटली तर तू विझवणार काय रे?"

दोघांचंही खरं होतं. म्हणून तर जास्त भीती वाटली.

*

तांबेच्या सात वर्षांच्या साक्षीला दमा आहे. रोज तो कागद उजेडात धरून बायकोला फोन करायचा, "काळा हाय. आज भायेर सोडू नको गो तिला." आम्ही त्याला 'हवामान खातं' म्हणायचो. एकदा साक्षीचे ओठ निळे पडलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर माझी चेष्टा बंद.

*

यंदाच्या जानेवारीत शाळेच्या स्पर्धा होत्या. धावायला मिळावं म्हणून साक्षी आठवडाभर रडत होती. त्या सकाळी तांबे माझ्याआधी गच्चीवर पोचला. मी वर आलो तेव्हा कागद त्याच्या हातात होता. पांढराशुभ्र!

"काल वारा होता ना, बघ! आज नुसतं धुकं हाय!" त्याचे डोळे भरून आले. लगेच फोन. "पांढरा हाय गो! सोड तिला, धावू दे!"

कागद काढण्याआधी पंप बंद करायचा असतो. मला वाटलं, त्याने केला असेल. नवा कागद लावता लावता माझा हात पंपाला लागला. गारठलेला. पंप किती तास चालला ते दाखवणारा आकडा काल सकाळचाच.

"तांबे, हा कालपासून चाललाच नाही रे!"

त्याने पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. शाळेचं मैदान आमच्या गच्चीवरून दिसतं, पण त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. खालून फक्त शर्यत सुटल्याची शिट्टी ऐकू आली.