पायजम्याला पुसलेली चोच

परळीला कोळशाच्या वीज केंद्रात मी फिटर होतो. निवृत्त झालो आणि आम्ही दोघं नवराबायको धारूरजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. घर बांधताना माझा एकच हट्ट होता, अंगणात गुळगुळीत फरशी पाहिजे. सगळी नोकरी राखेत गेली होती. दोरीवरचे कपडे झटकून घ्यायचे, ताट पुसून मग वाढायचं. फरशी बसली तेव्हा बायकोनं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई झ्याक झालीय. आता मला कोंबड्या आणून द्या."

फरशी आणि कोंबड्या यांचं जमणार नव्हतं हे मला दिसत होतं. पण मी रात्रपाळीला असताना तिनं कित्येक रात्री एकटीनं जेवून काढल्या होत्या. नाही म्हणवेना. आठवडी बाजारातून चार गावरान कोंबड्या आणल्या.

एके सकाळी तिनं शिळी भाकरी ताकात कुस्करून त्यांना घातली. मी शेजारीच खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. त्यातली तांबडी पोटभर खाऊन सरळ माझ्याकडे चालत आली आणि माझ्या धुतलेल्या पायजम्याला तिनं चोच पुसली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. न्हावी पट्ट्यावर वस्तरा फिरवतो तशी. मी ओरडलो.

"आवं, कावून खेकसताय तिच्यावर?" बायको दारातून म्हणाली. "त्वांड पुसतीय बिचारी."

"मग मलाच पुसायचं?"

"दुसरं काय हाय तिला? समदी फरशी निसरडी." आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

त्या दिवसापासून आम्हाला नादच लागला. चहाचे कप घेऊन ओट्यावर बसायचं आणि बघायचं. पिकलेल्या पपईत तोंड घालून आलेला बुलबुल विजेच्या तारेवर बसायचा आणि चोच दोन्ही बाजूंनी घासायचा. चिमण्या कुंपणाच्या काटकीला घासायच्या. कावळा तर आमच्या गच्चीच्या कठड्यावर सावकाश, एखाद्या कारागिरासारखा घासत राहायचा. इतकी वर्षं संसार केला, पण रोज सकाळी एकाच गोष्टीवर दोघांनी बोलत बसायचं हे आमच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

मग तांबडी वाळायला लागली. दाण्यावर चोच मारायची, पण दाणा उचलला जायचा नाही. बायकोनं तिला मांडीवर घेऊन पाहिलं. वरची चोच वाढून आकड्यासारखी खाली वळली होती. शेजारी डोकावले आणि म्हणाले, "कशाला जीव लावता? मसाला वाटा अन् मोकळे व्हा."  त्या दुपारी बायको जेवली नाही. मी तांबडीला पिशवीत घातलं, बायकोला स्कूटरवर मागं बसवलं आणि धारूर गाठलं.

गुरांचे डॉक्टर तरुण होते. म्हशीला इंजेक्शन देऊन आमच्याकडे वळले. त्यांनी चोच निरखली.

"अंगणात काय आहे? माती का फरशी?"

"फरशी," मी म्हणालो. "गुळगुळीत."

"तेच. आपल्या नखासारखी चोच सारखी वाढत असते, काका. टोचून, खरबरीत जागेवर घासून ती झिजते आणि आकारात राहते. खरकटंही निघतं. एखादीची जास्त वाढते, तिला जास्त घासावं लागतं."

बायकोनं विचारलं, "पण डॉक्टर, ती कधी कधी काय खाल्लं नसतानाबी पुसती. मांजर दिसलं की लगेच पुसायला लागती."

"घाबरल्यावरही करतात पाखरं असं. पळावं की थांबावं कळेनासं झालं की चोच घासत बसतात."

मला हसू आलं. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की आम्ही फिटर लोक दाराबाहेर चिंधीला हात पुसत उभे राहायचो. हात धुतलेले असले तरी.

डॉक्टरांनी चोचीचं टोक नखं कापायच्या कटरनं अलगद उडवलं आणि म्हणाले, "बाकीचं घरी थोडं थोडं घासून काढा. जपून हं, आतल्या बाजूला जिवंत मांस असतं."

घासायचं म्हणजे कानस. सगळी नोकरी मी लोखंडाला कानस मारली होती, पण तांबडीपुढं बसलो तेव्हा मोठी कानस बाजूला ठेवली. बायकोनं तिला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. नखं घासायची छोटी कानस घेतली. "हळू," बायको म्हणायची. "हळूच करतोय." "अजून हळू." तांबडी डोळे मिटून गप्प होती. झाल्यावर बायकोनं तळहातावर ज्वारी धरली. पहिला दाणा निसटला, दुसरा तिनं टिपला. मग ती टिपतच सुटली. बायकोचे डोळे भरून आले. माझेही.

डोंगरावरून एक खरबरीत काळा दगड आणून मी अंगणात ठेवला. कोंबड्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी एके दिवशी पहार घेतली आणि नळाजवळची फरशी मीच उखडली. ठोके ऐकून बायको धावत आली.

"आवं, एवढ्या हौसेनं बसवली हुती!"

"बसवणारा मीच, काढणाराही मीच."

मग ती खाली बसून तुकडे उचलू लागली. खालची माती मोकळी केली, दगड मधोमध रोवला आणि खाण्याचं भांडं त्याला लागून ठेवलं. खाऊन झाल्यावर तांबडी दगडाकडे वळली आणि तिनं चोच घासली, दोन्ही बाजूंनी. मग बाकीच्या तिघी आल्या.

त्या मातीत बायकोनं कोथिंबीर पेरली. ती वर आली की कोंबड्या फस्त करतात. बायको पुन्हा पेरते, त्या पुन्हा खातात. मी म्हणतो, जाळी लावू. ती म्हणते, "ऱ्हाऊ द्या, खाऊ द्या त्यास्नी." मग आम्ही बाजारातून कोथिंबीर विकत आणतो.