पॉलिशच्या आधीचा लेप

काकांच्या वाढीव खोलीचं लाकडी छत असं चकाकत होतं की वास्तुशांतीला आलेला प्रत्येकजण मान वर करूनच आत शिरे. आग रोखणारा लेप पॉलिशच्या आधी, कोऱ्या लाकडावर द्यायचा असतो. तो दिलाच नव्हता. का, म्हणून मी काकांना विचारलं.

"अगं, त्यानं लाकडाचं रूप जातं," काका म्हणाले. "शिवाय मुहूर्त टळला असता."

"इथे काकू झोपणार ना? तिला तर उठताही येत नाही."

"शुभदिवशी अभद्र बोलू नकोस."

म्हणजे त्याच छताखाली होम पेटवणं शुभ, अग्नीपुढे हात जोडून घराचं रक्षण मागणंही शुभ. आगीची काळजी तेवढी अभद्र. ही कुठली श्रद्धा? हा निव्वळ आळस आहे, सोवळं नेसलेला.

होम आटोपल्यावर काकूची खाट या नव्या खोलीत हलवायला पाहुण्यांतले दोघं उठले. मी तिच्या जुन्या खोलीचं दार अडवून उभी राहिले. म्हटलं, आधी ते पॉलिश खरवडा.