ज्यानं तपासलं, त्याचंच नाव

कासमभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी क्लिनिकच्या काउंटरवर एका बाईंचं विम्याचं कार्ड हातात घेऊन उभी होते. नसीमचा, त्यांच्या धाकट्या मुलीचा, व्हॉइस मेसेज आला होता. ती एरवी ‘सलाम सुजाताताई’ म्हणून सुरुवात करते. या वेळी नुसतंच म्हणाली, “ताई, अब्बा गेले. पहाटे फजरच्या नमाजला उठले, वजू करून हातपाय पुसत आले नि खुर्चीत बसले... डॉक्टर येईस्तोवर काही राहिलंच नाही.” समोरच्या बाईंनी “सब ठीक है ना?” विचारलं. मी हो म्हटलं आणि त्यांच्या कार्डाचा नंबर दोनदा चुकीचा टाकला. याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून एक प्रश्न छातीवर बसून आहे. तो मी त्यांना वर्षभर फोनवर विचारू शकले असते. विचारला नाही.

कासमभाई दाभोळच्या खाडीकाठचे. ओमानला आले ते सहम गावच्या एका किराणा दुकानात कामाला. तिथून क्लिनिकच्या रिसेप्शनवर, आणि तिथून, कॉलेजचं तोंड न बघता, सोहारच्या आमच्या क्लिनिकमध्ये विम्याच्या विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे काय, दोन टेबलं आणि आम्ही दोघं. मी डोंबिवलीची. नवरा पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर. तिथे माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा घाबरून मी ही नोकरी धरली. पहिल्या दिवशी कासमभाईंनी मला क्लेमच्या एका कोऱ्या फॉर्मवरचा एक लहानसा चौकोन दाखवला. तिथे डॉक्टरच्या विषयाचा कोड पडतो. हाडांचा, हृदयाचा, कानाचा, की साधा जनरल. “ह्यो चौकोन लोका बघत नाय,” ते म्हणाले, “पण विमा कंपनी पयला ह्योच बघता. ज्यानी पेशंटला हात लावलान नाय, त्याचा कोड लावायचा नाय. बस. बाकी सगळा मशीन शिकवील.” मला ते म्हाताऱ्या माणसाचं वचन वाटलं. कारण सिस्टीममध्ये डॉक्टरची नोंद एकदाच करायची असते, पुढे कोड आपोआप लागत जातो. आपोआप... हा शब्द मला तेव्हा किती निर्धास्त करायचा!

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी मस्कतहून मेंदूचे एक नवे डॉक्टर दर मंगळवारी यायला लागले. त्यांच्या लायसन्सची प्रत आली नव्हती आणि बाहेर माणसं थांबली होती. मी त्यांची नोंद ‘जनरल’ म्हणून करून टाकली. प्रत आली की बदलू. प्रत आली, मी फाइलला लावली आणि नोंद बदलायची विसरले. इतकंच घडलं. इतकं लहान, की लिहिताना आजही वाटतं, कुणी म्हणेल यात काय एवढं.

तिसऱ्या मंगळवारी त्यांच्याकडे महादेव आला. संगमेश्वरचा, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर. महिनाभर डोकं दुखत होतं, सकाळी उठल्यावर जास्त. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला आणि याच आठवड्यात करा म्हणून सांगितलं. मी विमा कंपनीकडे परवानगी मागितली. बुधवारी नकार आला. नकार रोजच येतात, म्हणून कारण पूर्ण न वाचता मी अर्ज पुन्हा पाठवला. गुरुवारी सकाळी पुन्हा नकार. या वेळी ओळ वाचली. ही तपासणी जनरल डॉक्टरच्या सांगण्यावरून मंजूर होत नाही. मी सिस्टीममध्ये त्या डॉक्टरांची नोंद उघडली. खाली नोंद करणाऱ्याचं नाव होतं. माझं. दोन दिवस एक माणूस माझ्या एका चुकीच्या कोडापायी अडकून बसला होता, आणि काचेपलीकडे बाकावर, परवानगी आली का बघायला आलेला, तोच बसलेला दिसत होता, टोपी डोळ्यांवर ओढून.

मी कासमभाईंना सांगितलं. त्यांनी लायसन्सची प्रत काढली, दुरुस्तीचा अर्ज भरला, विमा कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, बदल होईल, पण रविवारी. गुरुवार दुपारनंतर इथे सगळं थंडावतं. शुक्र-शनि सुट्टी. एवढ्यात क्लिनिकचा मॅनेजर आला. त्याला गोष्ट कळायला एक मिनिट लागलं आणि उपाय सुचायला त्याहून कमी. “मस्कत ब्रांच में न्यूरो वाला है ना? उसके नाम से भेज दो. दस मिनट में पास. यल्ला.”

मी लगेच कीबोर्ड ओढला. खरं सांगते, मला सुटका दिसली. कासमभाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचंच. “नाय,” म्हणाले. मॅनेजर चिडला. “पेशंट का भला नहीं देखना?” ते म्हणाले, “उस डॉक्टर ने इसको देखा नहीं है, साब.” मॅनेजर दार आपटून गेला. मग मीही त्यांच्यावर उसळले. “तुमच्या या नियमापायी त्याला काही झालं तर? चूक मी केलीय, मला निस्तरू द्या!” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हलक्या आवाजात ते म्हणाले, “मी एकदा केलंय ता. सहमला. एक मास्तरीण होती, छातीत धडधडता म्हणून आली. बघितलान जनरल डॉक्टरनी. तपासणी पास होईना म्हणून मी हार्टवाल्याचा कोड लावला. तिला कायच झालेला नव्हता. पण पुढं ती सूर शहरात नव्या शाळेत लागली, तर तिथला विमा बोलला, बाई हृदयरोगी हाय. शाळेनी ठेवलीन नाय. माझ्याकडं आली नि विचारलान, भाऊ, मी हार्टवाल्याकडं कधी गेले होते?... काय सांगू तिला?”

मग त्यांनी जे केलं ते मला सुचलं नव्हतं, मॅनेजरलाही नाही. ते उठले आणि बाकावर महादेवच्या शेजारी जाऊन बसले. मी मागोमाग गेले. त्यांनी त्याला गावचं विचारलं, आईचं विचारलं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “मंगळवारसारखाच दुखता, की काय वेगळा हाय?” महादेवनं टोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाला, “चाचा, कोणाला सांगू नका हां. सकाळपासनं एकाची दोन दिसतायत. तुमी पन दोन दिसताय. कंपनीला कळलं तर अनफिट करून धाडतील.” म्हणून टोपी ओढलेली! दोन दिवस आम्ही त्याच्या नावाचा अर्ज बघत होतो. त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

कासमभाईंनी त्याला हाताला धरून ड्युटीवरच्या लेडी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच्या डोळ्यांत यंत्रातून पाहिलं आणि खुर्चीतून उठल्याच. सरकारी इस्पितळात, इमर्जन्सीत, आत्ताच्या आत्ता. इमर्जन्सीला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त ती इमर्जन्सी आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. ॲम्ब्युलन्सला वेळ होता म्हणून कासमभाईंनी स्वतःची गाडी काढली. मी मागे महादेवजवळ बसले. दुपारचं ऊन काचेवर असं आदळत होतं की तो डोळे उघडायलाच तयार नव्हता. कासमभाई प्रत्येक गोल चौकात विचारायचे, “म्हादेव, जागा हायस ना?” तो “व्हय” म्हणायचा. एका चौकात त्यानं उत्तर दिलं नाही. मी त्याचा खांदा हलवला, पुन्हा हलवला, तेव्हा पुटपुटला, “हाय, हाय...” कासमभाईंचे ओठ पुढे रस्ताभर हलत होते. दुवा करत असावेत. मला प्रार्थनासुद्धा आठवत नव्हती. फक्त तो चौकोन दिसत होता.

मेंदूत गाठ होती आणि तिच्यामुळे पाणी तुंबलं होतं. त्याच संध्याकाळी त्याला मस्कतला हलवलं, ऑपरेशन झालं. तो वाचला. उजव्या डोळ्याची नजर मात्र पूर्ण आली नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन दिवस आधी आला असता तर कदाचित... ‘कदाचित’ हा शब्द त्यांनी किती सहज वापरला! मस्कतच्या डॉक्टरचं खोटं नाव लावलं असतं तर काय झालं असतं, याचाही हिशेब मी मनात फार वेळा मांडला. एमआरआयची तारीख मिळाली असती रविवारची. आम्ही तिघंही निश्चिंत होऊन घरी गेलो असतो, आणि महादेव खोलीवर जाऊन टोपी ओढून पडला असता.

रविवारी कासमभाईंनी मला विमा कंपनीला पत्र लिहायला बसवलं. त्या डॉक्टरांनी तीन मंगळवारांत तपासलेल्या प्रत्येकाच्या क्लेमची दुरुस्ती, नावानिशी. मी लिहिलं, ‘सिस्टीममध्ये चुकीची नोंद झाली होती.’ त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. “झाली होती? आपसूक झाली?” मी ते खोडून ‘मी केली’ असं लिहिलं. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला घरी पाठवलं होतं. माझी नोकरी गेली असती तर आम्हाला इथे पाय ठेवायला जागा राहिली नसती. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या वाक्याखाली स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘नोंद तपासणे हे माझे काम होते. मी तपासले नाही.’ खाली सही केली. वास्तविक ते काम त्यांचं नव्हतंच.

चार महिन्यांनी त्यांचा करार पुढे वाढवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “साठी आली गो. खलास. आता खाडीवर गळ टाकून बसेन.” मी ते मानून घेतलं, कारण मानणं सोयीचं होतं. शुक्रवारी फोन व्हायचा. महादेवशीही ते बोलत असत. तो आता संगमेश्वरला भावाच्या वर्कशॉपमध्ये बसतो. दर वेळी माझ्या जिभेवर प्रश्न यायचा, कासमभाई, ते त्या पत्रामुळे झालं का? आणि दर वेळी मी भाभींच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवायचे. उत्तर ‘हो’ आलं असतं तर मी त्याचं काय करणार होते?

त्यांच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी नसीमला विचारलं. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, “त्या पत्रामुळे मॅनेजरनं तुमच्या दोघांपैकी एकाला काढायचं म्हटलं होतं, ताई. अब्बांनी स्वतःच सांगितलं, मला काढा. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाले होते. ते म्हणायचे, पोरगी आता कोड नीट बघील, नवा माणूस येईल तो परत सुरुवातीपासून चुकील.” रडू आलं नाही. भीती वाटली. एखाद्यानं आपल्यावर इतकं ठेवून जावं, याची भीती.

गेल्या सोमवारी त्वचेच्या नव्या डॉक्टर रुजू झाल्या. लायसन्सची प्रत यायची होती. बाहेर नऊ-दहा माणसं, त्यात एक लहान बाळ अंगभर पुरळ घेऊन रडत होतं. मॅनेजर म्हणाला, “अभी जनरल डाल दो, बाद में चेंज कर लेना.” मी मान हलवून नाही म्हटलं. बाळाला आधी मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, बाकीच्यांना थांबायला सांगितलं आणि कुणी काय काय बोललं ते ऐकून घेतलं. या वयात नोकरी गेली तर, हा विचार काही सुटत नाही. दीड तासानं प्रत आली. मी डॉक्टरांना माझ्या शेजारी बसवलं, लायसन्सवरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, कोड टाकला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवून म्हटलं, “तुम्ही बघा. मी बघितलंय, तरी तुम्ही बघा.” त्या हसल्या, जरा चमकल्याही असतील. पण त्यांनी वाकून, बोट ठेवून बघितलं. मग मी काचेपलीकडे बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहिलं, एकेकाच्या चेहऱ्याकडे, आणि पहिलं नाव पुकारलं.