दाबायचं शटर

"शटर दाब!" हे ओरडले आणि मी धावत जाऊन दुकानाचं शटर खाली ओढलं. वीज आधीच गेलेली. दारातून येणारा उजेडही गेला.

त्या काळोखात फोटोसाठी आलेल्या सात बहिणी ओळीनं बसल्या होत्या. लग्नं झाल्यापासून पहिल्यांदाच सगळ्या माहेरी एकत्र आल्या होत्या आणि त्यांची एसटी अर्ध्या तासात सुटणार होती. यांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून कॅमेऱ्यामागे मी, चौथी पास.

"कोंडून ठेवतेस की काय गं आम्हाला?" थोरली म्हणाली. सगळ्या खदखदून हसल्या.

"अगं, कॅमेऱ्याचं शटर! वरचं बटण!" हे म्हणाले.

मी दुकानाचं शटर वर ढकललं आणि त्या हसत असतानाच बटण दाबलं.

दुकानाचं शटर दिवसभर उघडं असतं, पण आत आलेल्या उजेडातलं काही उरत नाही. कॅमेऱ्याचं कायम मिटलेलं. पापणी लवेल एवढंच उघडतं, आणि तेवढ्यात सात तोंडं पक्की होतात.

यांनी जन्मभर फोटो काढले, सगळ्यांत माणसं काठी गिळल्यासारखी. हसरा एकच, तो मी काढलेला. आज पुसून पुन्हा खिळ्याला लावला. सातही बहिणी गेल्या, हेही गेले. मी आहे.