कोचीच्या नारळाला घातलेली राख

सगळ्यात आधी आली ती समोरची अम्मिणी. आमची वळकटी अजून उंबऱ्यातच, मी नातवाला धड पोटाशी धरलं नव्हतं, आणि ही बाई माझ्याकडं न बघता घराचा कोपरान् कोपरा न्याहाळतेय! तिचा नवरा सोनार, असं सूनबाई तानू म्हणाली. असंल, पण नजर मला आवडली नाही.

मी कोचीला गेले ती नातवाचं तोंड बघायला. माझा लेक श्रीपती आपल्या तासगाव-खानापूरकडच्या कैक जणांसारखा तिकडं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. तोच न्यायला आला. तुम्हाला जायचं असलं तर मिरजेला गाडी धरा, बंगळूरला बदला आणि दशम्या भरपूर घ्या. पुढं भाकरीचं नाव नाही, सगळं खोबरेलात. डब्यातल्या बाया लय गोड बोलत होत्या, म्हणून मी बोचकं मांडीखालनं हलवलं नाही. शेवटी एक-दोन आण्यात बोटीनं पलीकडं. एवढं पाणी बघून मी विचारलं, "ह्याला दुसरा काठ हाय का रं?" हसला गुलाम.

दुसऱ्या दिवशी नातवाला कडेवर घेऊन किनाऱ्यावर गेले. काय ती जाळी, घराएवढी! आपण मोट उपसतो तशी चार-पाच गडी दोर ओढून वर काढतात. पोरगं टाळ्या पिटतंय, मीपण पिटतेय. वाटेत फिरंग्यांच्या वेळच्या वखारी, मिरी-सुंठीचा असा वास की शिंका आवरेनात.

तिसऱ्या दिवशी श्रीपती बाहेर, तानू पाण्याला. अम्मिणी आली, पाळण्याजवळच्या कोपऱ्यात एक गाठोडं ठेवलं, काहीतरी पुटपुटली आणि गेली. सोडून बघते तर राख, केर, केसांची गुंतवळ! करणीच, दुसरं काय? पण राख फेकून देणं शेत कसणाऱ्या बाईला कुठलं जमायला? परड्यातल्या नारळाच्या बुंध्यात घातली, वर दोन घागरी पाणी.

संध्याकाळी श्रीपती आला. "आयं, अम्मिणी हितं गाठोडं ठिवून जाणार हुती, कुठं गेलं?"

"करणी हुती ती. नारळाला घातली."

श्रीपती तसाच परड्यात पळाला, नारळाचा ओला बुंधा बघून ओरडला, "आगं, त्यो त्यांच्या दुकानातला वर्साचा केर! घासताना सोनं उडतंय, ते त्यात ऱ्हातंय. ते काढून लेकीच्या लग्नाचं डोरलं करणार हायेत. आता म्हणतील, ह्यानंच खाल्लं. ह्या पेठेत परत कोण केर दील मला?"

"मग सांगूच नगंस."

"सांगणार!" म्हणाला आणि स्वतःच बोलवायला गेला.

अम्मिणीनं नारळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलली.

"काय म्हणती गं?"

"आवं आत्याबाई, म्हणती, म्हातारीचा झाडावर लय जीव दिसतोय," तानू म्हणाली.

टोमणा की गंमत, मला कळेना. अम्मिणीनं पदर खोचला नि बुंध्याशी बसली. दोन दिवस आम्ही मुळ्यांपर्यंत माती उकरली, परातीत पाण्यानं धूत राहिलो. तिचा डोळा माझ्या हातांवर, माझा तिच्या. हात धुतलेलं पाणीसुद्धा श्रीपतीनं सांडू दिलं नाही. मग सोनाराला बोलावून त्या दोघांच्या समोरच मुशीत आटवलं. हरभऱ्याएवढी गोळी निघाली. सोनारानं ती कसोटीच्या दगडावर घासली, उचलली आणि एक शब्द न बोलता गेला.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. गावात बाया विचारतात, समुद्र कसा असतो? मी हात पसरून सांगते, नातू कसा माझ्यावर गेलाय तेही सांगते, पण मनात तो मुका सोनार. सोनं कमी भरलं असंल का? पेठेत काय बोलला असंल? एवढी मजा करून आले, आणि लेकाचा धंदा बुडवून आले की काय?

परवा श्रीपतीचं पत्र आलं. अक्षराला अक्षर लावून मीच वाचलं, दोनदा. सोनार आणि अम्मिणी लेकीच्या लग्नातला फणस घेऊन आली होती. म्हातारी गावाला कधी परत गेली, विचारत होती. आणि यंदाचा केर घेऊन दोघं परत येणार आहेत, त्यांच्या ओणम सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पारी.