सॅन फ्रान्सिस्को ते मुळशी, एकच मुक्काम

२००४च्या दिवाळीनंतर मी सॅन फ्रान्सिस्कोहून गावाकडे निघालो, ते तब्बल पाच वर्षांनी. समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान नकाशावरून सरकत होतं. फ्रँकफर्टमार्गे मुंबई साडेपंधरा हजार किलोमीटर, हवेतले एकोणीस तास आणि मध्ये चार तासांची खोटी. मी त्या आकड्यांवरून नजर काढत नव्हतो. सोमवारी सकाळी माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागणार होते. एकदा वाडा (मेंढरांसह बिऱ्हाड) हलला की थांबत नाही, आणि आबांकडे फोन नव्हता. दहा दिवसांच्या सुट्टीत त्यांना शोधणार कुठे?

ते पौडच्या बूथवरून बोलले होते, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "किती मुक्काम पडत्यात?"

"एकच. शनिवारी निघतो, एका दिवसाचा प्रवास."

"मंग आईतवारी वाट बगतो."

संगणकावर पोट भरणारा मी, पण भारतातलं घड्याळ साडेतेरा तास पुढे पळतं हे साफ विसरलो. रविवार विमानातच संपला. मुंबईत उतरलो तेव्हा सोमवार उजाडत होता.

पुण्याहून पौडची एसटी धरली. भूगावला खिडकीतून पाहिलं, तर लहानपणी मी जिथे मेंढरं राखली त्या माळावर पाच मजली इमारती. पौडच्या स्टँडवर भजी खाल्ली, तीच जुनी तिखट चव, आणि धावतपळत घर गाठलं.

दाराला कुलूप. लेंड्या अजून ओल्या होत्या. शेजारच्या सखूमावशी म्हणाल्या, "काल दिसभर वाट बगितली तुजी. आता ताम्हिणीच्या वाटंनं गेल्यात समदी."

दुधाच्या टेम्पोत बसून निघालो. मुळशी धरणाच्या कडेला धूळ दिसली, मग घंटा ऐकू आल्या. घोड्यावर बिऱ्हाड, मागे आई, सगळ्यांत पुढे आबा. मी हाक मारली. आबा वळले, पण मेंढरं थांबवली नाहीत.

"चल," एवढंच म्हणाले. मी चालू लागलो. बूट पहिल्याच चढाला चावले.

सांजेला वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावून झाली. आईनं भाकरी आणि ठेचा वाढला. आबांनी पुन्हा विचारलं, "वाटंत मुक्काम किती झालं?"

"एकच, आबा. चार तासांचा."

त्यांनी चुलीत लाकूड पुढे सारलं.

"आमाला कोकणात जायाला आठ पडत्यात. तरी आमी दरसाल जातोय, दरसाल येतोय. तुला एकच, तर पाच वरसं कुटं बसला हुतास?"

व्हिसा, प्रोजेक्ट, सुट्टी, सगळी कारणं तोंडाशी आली. आईनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

सुट्टी त्यांच्याबरोबर चालण्यात गेली. परतीच्या विमानात पडद्यावर तेच किलोमीटर, जवळपास तेच तास होते. अंतर मुळीच लांब वाटलं नाही, आणि त्याचीच लाज वाटली.