न शिवता दाबलेली पाठ

सकेक्रांग नदीकाठच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांमागे, एका माडीवर लमियतचं अंग दाबायचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. चार गाद्या, दोन पंखे आणि नदीकडे उघडणारी एक मोठी खिडकी. दोन वाडगे नूडल्स आणि वर एक बर्फाची कॉफी घ्यायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात इथे तासभर मनसोक्त दाबून मिळतं. तेल नाही, अत्तर नाही, मंजुळ गाणी तर नाहीच नाही. ढगळ विजार चढवायची, आडवं व्हायचं आणि लमियतच्या अंगठ्यांच्या स्वाधीन व्हायचं. भाजीवाल्या येतात, ट्रकवाले येतात, निवृत्त मास्तर येतात. येताना कण्हत येतात आणि जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरतात.

लमियतचे अंगठे चालतात तशी जीभही चालते. "मास्तर, मान आहे का बांबू? बायकोशी भांडून भिंतीकडे तोंड करून झोपताय वाटतं." मास्तर गादीत तोंड खुपसून हसतात. पालथ्या पडलेल्या माणसाने कुणाशी भांडायचं? पण कितीही थट्टा केली तरी अंगाला हात लावायच्या आधी ती दोन्ही हात जोडते, आपल्या गुरूला आठवते आणि समोरच्याला म्हणते, "अंगाला हात लावते आहे, काही चुकलं तर क्षमा करा." मोलमजूर असो नाहीतर मामलेदार, हे वाक्य चुकत नाही. परक्या अंगाला हात लावणं ही काय साधी गोष्ट आहे का?

तर अशा या लमियतवर, भर वर्षावासात, हात बांधून बसायची वेळ आली.

तिचा एकुलता एक मुलगा खेम, पावसाच्या तीन महिन्यांसाठी भिक्खू झाला होता, नदीपलीकडच्या विहारात. वर्षावास संपला की चीवर उतरवून तो पुन्हा समुद्राकाठच्या बंदरगावात कामाला जाणार होता. तिथल्या गोदामात म्हणे त्याला बसून नोंदी करायचं काम होतं, वर पंखा, समोर टेबल. लमियतला मात्र वाटायचं, पोराने जाऊच नये. पण बोलायची सोय नव्हती, कारण पोर गेलं होतं ते बापामुळे.

शाळा संपली तेव्हा खेम म्हणाला होता, "मला आईकडे अंग दाबायला शिकायचंय." प्रयोंग, म्हणजे लमियतचा नवरा, नदीत तराफ्यावरच्या घराखाली पिंजऱ्यांत मासे पाळतो. स्वभावाने कडू कारलं. त्या दिवशी चार पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "लोकांच्या तंगड्या दाबायला मुलगा जन्माला घातला का मी?" पाहुणे हसले. खेम दुसऱ्या दिवशी बस पकडून गेला. त्यानंतर बापलेकांत शब्द नाही. दीक्षेच्या दिवशीसुद्धा प्रयोंग खांबाआड बसून होता, पिंजऱ्याची जाळी फाटलीय म्हणून लवकर निघाला. जाळी धडधाकट होती, हे लमियतला ठाऊक होतं.

आणि आता विहारातली पाण्याची टाकी सरकवताना खेमची पाठ धरली. वाकता येईना, बसता येईना, मान वळवता येईना, भिक्षापात्र उचलता येईना. दवाखान्यात नेलं. हाड शाबूत आहे, म्हणाले, गोळ्या घ्या आणि नीट दाबून घ्या. दवाखान्यात अंग दाबणारा एक पुरुष होता, तो नेमका बायकोच्या बाळंतपणाला गावी गेलेला. गावात बाकी सगळ्या दाबणाऱ्या बायकाच. आणि भिक्खूला बाईने शिवायचं नाही. मग ती जन्म दिलेली आई का असेना.

लमियत जेवण घेऊन विहारात गेली. सभामंडपात खेम एका कुशीवर पडून होता, चेहरा पांढराफटक. तिने अंतर राखून तीनदा नमस्कार केला. ज्याला कालपरवापर्यंत ती 'अरे गाढवा' म्हणत होती, त्याला म्हणाली, "भन्ते, फार दुखतंय का तुम्हाला?"

"नाही," खेम म्हणाला, आणि बोलण्यानेही कळ आली म्हणून डोळे मिटले.

कमरेच्या कुठल्या बाजूला गाठ धरलीय ते तिला बसल्या जागेवरून दिसत होतं. एका बैठकीचं काम. अख्ख्या गावाच्या पाठी मोकळ्या करणारे तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. परत येताना होडीत ती हमसून हमसून रडली.

घरी आली ती थेट प्रयोंगसमोर उभी राहिली. तो माशांना खाणं टाकत होता.

"हात धुवा आणि आत या."

"का?"

"तुम्हाला शिकवायचंय. उद्या तुम्ही त्याची पाठ दाबायची."

"मी? डोकं फिरलंय का तुझं? मला काय येतंय त्यातलं?"

"ओल्या दोराची गाठ सोडवता येते ना? तेच आहे. तंगड्या दाबायच्या नाहीत, घाबरू नका. पाठच आहे."

टोमणा बरोबर बसला. प्रयोंग गुरगुरत आत आला. लमियत चटईवर पालथी झाली. "इथे, मणक्याच्या कडेने. मणक्यावर नाही, कडेने. बोटांचा जोर नाही, अंगाचा भार. टेकवा, थांबा, सोडा."

त्याने अंगठा टेकवला. ती किंचाळता किंचाळता थांबली. "मासा मारताय का?"

"मग सांग ना नीट."

दोन-चारदा चुकला, मग हळूहळू त्याला भार कळायला लागला. जाळं ओढणारे हात, जोर होताच, थांबणं तेवढं शिकायचं होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "लमियत, तुझ्या पाठीत तर दगड झालेत."

"होणारच. माझी कोण दाबतंय?"

त्यानंतर तो न सांगता मानेपासून टाचेपर्यंत दाबत गेला. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडत होतं. लमियतचा डोळा लागला. जागी झाली तर अंगावर पांघरूण होतं आणि प्रयोंग बाहेर माशांपाशी जाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं विहारात गेले. सभामंडपाची दारं उघडी, एक म्हातारे भन्ते कोपऱ्यात जप करत बसलेले. लमियत दूर खांबापाशी बसली. मुलाच्या पाया पडायचं म्हणजे प्रयोंगच्या जिवावर आलं होतं. त्याने कसेबसे तीन नमस्कार उरकले. क्षमेचं वाक्य तिने होडीत दोनदा पाठ करून घेतलं होतं. ते त्याने गिळलं आणि सरळ खेमच्या पाठीला हात घातला. लमियतला राग आला, पण तोंड मिटून राहिली. हात लागला हेच पुष्कळ होतं.

"काय लागतंय हाताला?" तिने विचारलं.

"दोर. ताणलेला."

"त्याच्या कडेला जा. थांबा. श्वास सोडू द्या त्यांना. आता भार."

खेमने दात आवळले. बापाच्या हाताखाली त्याचं अंग ताठ झालं होतं, दुखण्याने नव्हे, हे लमियतला तिथूनही कळत होतं. पण प्रयोंग घाईत नव्हता. टेकवत होता, थांबत होता, सोडत होता. हळूहळू खेमचे पाय सैल पडले.

"आता वर चला. डावा खांदा."

खेम एकदम म्हणाला, "खांदा नको. खांद्याला काही नाही."

"पाठ खांद्याला बांधलेली असते, भन्ते," लमियत म्हणाली. "चला वर."

प्रयोंगचा हात कपड्यावरून डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच थांबला. तो पुन्हा चाचपू लागला. मानेच्या बुडाशी कातडी जाड झाली होती, तळहाताएवढी, चपलेच्या टाचेसारखी निबर. खेमने तोंड चटईत खुपसलं.

प्रयोंगचा दुसरा हात आपसूक स्वतःच्या खांद्याकडे गेला. तरुणपणी धक्क्यावरच्या भातगिरणीत त्याने पोती वाहिली होती. तसाच घट्टा त्याच्याही खांद्यावर होता, त्याच जागी.

"हे पोत्यांचं आहे," प्रयोंग म्हणाला.

खेमने खांदा आखडून घेतला.

"टेबलावर बसून होत नाही हे. कधीपासून वाहतोयस?"

"पहिल्यापासून," खेम चटईकडे बघत म्हणाला. "दुसरं काम मिळालंच नाही. घरी कसं सांगणार?"

उठून धावावं, पोराचं डोकं मांडीवर घ्यावं, असं लमियतला झालं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

प्रयोंगने हात उचलले. तो मागे सरकला, गुडघे जुळवून बसला आणि त्याने हात जोडले. "अंगाला हात लावतो आहे," तो म्हणाला. मग जरा थांबला. "माझं चुकलं. क्षमा करा."

कोपऱ्यातले म्हातारे भन्ते जप थांबवून बघत होते. खेमने बापाकडे मान वळवायचा प्रयत्न केला आणि मान वळली.

"असू द्या, बाबा," तो म्हणाला.

"वर्षावास संपला की तिकडे जायचं नाही. घरी यायचं. आईकडे शिकायचं ते शीक." प्रयोंगने बाहीने नाक पुसलं. "कोण काय हसतंय ते बघतो मी."

"आधी हा खांदा तर सोडवा," खेम म्हणाला. "बरं वाटतंय तुमच्या हाताने."

प्रयोंगने लमियतकडे पाहिलं. तिला समोरचं धड दिसत नव्हतं, तरी तिने सांगितलं, "आता कोपराने घ्या. हळू. मी आहे इथे."